संस्थेतल्या लॅपटॉप-सर्व्हरचा हिशोब ठेवायला ब्लॉकचेन आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट वापरावेत का?

तुमची अडचण मला अशी समजली: संस्थेत हजाराच्या आसपास लॅपटॉप, मॉनिटर, स्विच आणि थोडे सर्व्हर आहेत, एक्सेलमधला आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळत नाही, आणि बैठकीत कुणीतरी सुचवलं की सगळं ब्लॉकचेनवर (सगळ्या पक्षांकडे प्रत असलेली, नोंदी साखळीसारख्या जोडलेली आणि मागचं पुसता न येणारी डिजिटल वही) टाकू, मग कुणाला नोंदीत फेरफार करता येणार नाही. हे खरंच उपयोगी पडतं का, आणि सार्वजनिक, म्हणजे कुणालाही वाचता येणारी, साखळी वापरावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी अशी एक व्यवस्था बांधली आणि जवळपास दोन वर्षं सांभाळली. त्यात तीन पक्ष होते: उपकरणं वापरणारी संस्था, ती भाड्याने देणारी कंपनी आणि दुरुस्तीचा कंत्राटदार. त्या अनुभवावरून सांगते, आधी एवढंच शोधा की तुमच्याकडे नोंदी बदलल्या जातात, की मुळात होतच नाहीत. ब्लॉकचेन पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि मी पाहिलेल्या ठिकाणी दुखणं बहुधा दुसरं होतं. लॅपटॉप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, कुणी नोकरी सोडतं आणि त्याचा डॉक शेजारचा घेतो, शीटला याचा पत्ताच नसतो. जे कुणी लिहिलंच नाही, ते साखळी तरी कुठून जपणार?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय ते थोडक्यात. संगणकशास्त्रज्ञ निक झाबो यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा उदाहरण दिलं होतं नाणं टाकलं की वस्तू बाहेर देणाऱ्या यंत्राचं. नियम यंत्रातच बसवलेला, मध्ये माणूस नाही. आपल्या कामात याचा अर्थ असा की प्रत्येक उपकरणाला एक अवस्था असते (साठ्यात, पोच बाकी, वापरात, दुरुस्तीत, निर्लेखित म्हणजे कायमची यादीतून काढलेली) आणि एकीतून दुसरीत कुणाच्या सहीने जाता येतं ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं. नियमात न बसणारा व्यवहार आला की तो नाकारला जातो.

यातली 'पोच बाकी' ही अवस्था मला सगळ्यात मोलाची वाटते. पूर्वी आमच्याकडे सपोर्टचा मुलगा लॅपटॉप देऊन यायचा आणि शीट संध्याकाळी भरायचा, कधी दुसऱ्या दिवशी, कधी नाहीच. नव्या नियमात त्याने 'दिला' म्हटलं तरी वस्तू त्याच्याच नावावर राहायची. घेणाऱ्याने मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून 'मिळाला' म्हटलं की मगच नाव बदलायचं. पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. तो मुलगा टेबलापाशी उभा राहू लागला, लॅपटॉप उलटा करून कोड समोर धरू लागला, "सर, एवढं स्कॅन करा ना, नाहीतर माझ्या नावावर राहील." एका नियमामुळे नोंद आणि वस्तू एकाच क्षणी हलू लागली. पण हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की या नियमाला ब्लॉकचेन लागत नाही. साध्या डेटाबेसवर, दोन तक्ते आणि एका अटीने तो तसाच चालतो.

आता फसलेली गोष्ट. आम्ही उपकरणाची ओळख म्हणून बायोसमधला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधला) सीरियल नंबर धरला होता, कारण स्टिकर निघतो, बदलता येतो. एक लॅपटॉप दुरुस्तीला गेला, मदरबोर्ड बदलून परत आला. नव्या बोर्डच्या बायोसमध्ये सीरियल नंबरची जागा रिकामी होती. निर्मात्याच्या टूलने तो नंबर पुन्हा भरावा लागतो, आणि कंत्राटदाराकडून ते राहून गेलं. कॉन्ट्रॅक्टने परतीची नोंद नाकारली, त्याच्या दृष्टीने ही वस्तू वेगळीच होती. लॅपटॉप तीन आठवडे माणसाच्या हातात, काम चालू, आणि साखळीवर मात्र 'दुरुस्तीत'. डेटाबेस असता तर कुणीतरी एक ओळ दुरुस्त केली असती. आम्हाला कॉन्ट्रॅक्टमध्ये 'सुटा भाग बदलला' हा नवा व्यवहार घालावा लागला आणि त्यासाठी तीनपैकी दोन पक्षांची मंजुरी घ्यावी लागली. हायपरलेजर फॅब्रिक या, ठरलेल्या पक्षांपुरती साखळी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांत कॉन्ट्रॅक्टची नवी आवृत्ती लावायला सहसा बहुमत लागतं, एकट्याला ती लावता येत नाही. हीच त्याची ताकद, आणि घाईच्या वेळी तीच आडवी येते. म्हणून कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याआधी दुरुस्तीवाल्यांसोबत बसा आणि वस्तूचं काय काय बदलू शकतं ते विचारून घ्या. आम्ही ते केलं नव्हतं.

चूक कॉन्ट्रॅक्टमध्ये शिरली तर काय होतं याचं मोठं उदाहरण २०१६ सालचं आहे. इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' या निधीच्या कोडमधल्या एका फटीतून सुमारे ३६ लाख ईथर (तिथलं चलन) काढून घेतले गेले, ते परत आणायला अख्ख्या नेटवर्कचे नियम बदलावे लागले आणि साखळी दुभंगून इथेरियम क्लासिक वेगळं झालं. लॅपटॉपच्या यादीत इतकं पणाला लागलेलं नसतं, पण कॉन्ट्रॅक्टची चाचणी घेताना हे डोळ्यासमोर असू द्या.

सार्वजनिक साखळीबद्दलही विचारलंत. प्रत्येक लॅपटॉप म्हणजे एक ईआरसी-७२१ टोकन (त्या एकाच वस्तूची साखळीवरची मालकीची खूण), हे ऐकायला छान वाटतं. २०१८ मध्ये मांडलेल्या या मानकात मालक कोण आणि हस्तांतर कसं करायचं हे तयारच मिळतं. पण इथेरियमच्या मुख्य साखळीवर ३२ बाइटची एक नवी जागा भरायलाच किमान २०,००० गॅस (कामाचं माप, त्यावरून शुल्क ठरतं) लागतो, म्हणजे प्रत्येक 'दिला-घेतला'ला पैसे मोजायचे. त्याहून वाईट म्हणजे ते सगळं जगाला दिसतं. संस्थेकडे किती यंत्रं आहेत, कधी घेतली, किती जुनी आहेत, हा माल हल्लेखोराच्या हाती आपण होऊन कशाला द्यायचा? संस्थेच्या उपकरणांसाठी मी सार्वजनिक साखळी कधीच सुचवणार नाही.

आणि कर्मचाऱ्याचं नाव खासगी, म्हणजे ठरलेल्या पक्षांनाच दिसणाऱ्या, साखळीवरसुद्धा लिहू नका. लिहिलेलं पुसता येत नाही, आणि युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, त्याच्या कलम १७ मध्ये, माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलेला आहे. "मग कर्मचारी क्रमांकाचा हॅश टाकू," असं लोक लगेच म्हणतात. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा: मजकूर जरा बदलला की ठसा बदलतो, आणि ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही, पण सगळ्या शक्यता करून पाहता येतात. पाच आकडी क्रमांकाच्या एकूण शक्यता एक लाख. साधा संगणक त्या सगळ्यांचे एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीचे हॅश डोळ्याची पापणी लवायच्या आत काढतो आणि कोण कुठला ते जुळवून देतो. नाव बाहेरच्या डेटाबेसमध्ये ठेवा, साखळीवर प्रत्येक माणसासाठी एक यादृच्छिक खूण टाका. खूण कुणाची हे सांगणारी ओळ पुसली की साखळीतल्या खुणेवरून माणूस शोधणं फार अवघड होतं.

मग ब्लॉकचेनची गरज पडते कुठे? जिथे एकमेकांच्या वहीवर विश्वास न ठेवणारे पक्ष एकाच वस्तूचा हिशोब ठेवतात तिथे. आमच्याकडे भाडे कंपनी म्हणायची, चाळीस यंत्रं परत आली नाहीत. संस्था म्हणायची, दुरुस्तीवाल्याकडे आहेत. दुरुस्तीवाला म्हणायचा, आम्ही ती केव्हाच परत पाठवली. साखळी आल्यावर प्रत्येक सुपूर्दगीवर दोघांच्या सह्या पडू लागल्या आणि हे भांडण संपलं. दुसरी जागा म्हणजे निर्लेखन. डिस्क पुसल्याचं प्रमाणपत्र, ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेतल्या तीन पातळ्यांपैकी कोणत्या पातळीवर पुसली (साधं पुसणं, खोलवर पुसणं की थेट नष्ट करणं), प्रमाणपत्राच्या पीडीएफचा हॅश साखळीवर, आणि त्याशिवाय 'निर्लेखित' ही अवस्था मिळणारच नाही असा नियम. पुढे तपासणी आली तर कागद मागाहून तयार केला नाही हे दाखवता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा, डिस्क खरोखर पुसली गेली का हे हॅशला कळत नाही. ते माणसालाच पाहावं लागतं.

सगळे पक्ष यायला तयार नसतील तर हे करू नका. जहाजवाहतुकीसाठी मर्स्क या जहाज कंपनीने आणि आयबीएमने उभा केलेला ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेन मंच उदाहरणादाखल घ्या. तो बंद करत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, आणि तंत्र चालत नव्हतं असं कारण नव्हतं, संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही असं होतं. आमच्याकडेही कंत्राटदार सहा महिने स्वतःचा नोड (साखळीची प्रत ठेवणारा संगणक) चालवायला तयार नव्हता. तोवर आम्ही चालवत होतो ती साखळी तिघांची नव्हतीच.

तुम्ही एकटीच संस्था असाल तर स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय यांसारखं उपकरणांची यादी सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर घ्या, देण्याघेण्याची पोच सक्तीची करा. फेरफाराची भीती असेलच तर बदलांची नोंदवही अशी ठेवा की प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा हॅश असेल, आणि रोजचा शेवटचा हॅश लेखापरीक्षकाला ईमेल करा. ही युक्ती बिटकॉइनहून जुनी आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्ये ती मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असा हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या सगळ्या प्रती कोण बदलणार?

या आठवड्यात एक करा. यादीतली पंचवीस उपकरणं निवडून ती जागेवर शोधा, आणि जागेवरची पंचवीस उचलून ती यादीत शोधा. दोन्ही बाजूंनी करा, एका बाजूने निम्मंच कळतं. जी जुळणार नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहा: नोंद झालीच नाही, चुकीची झाली, नंतर बदलली, की दुसऱ्या पक्षाशी वाद आहे. शेवटच्या दोन रकान्यांत काही साठलं तर इथे कळवा, आणि उपकरणं स्वतःच्या मालकीची आहेत की भाड्याची तेही लिहा. मग कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणत्या अवस्था आणि कुणाच्या सह्या हव्यात ते आपण नीट मांडू.