पिल्लाला नळी द्यावी का?

प्रश्न : आमचं लॅब्राडॉर पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे. चपला, सोफ्याचे पाय, मुलाची पट्टी, काही म्हणजे काही सोडत नाही. रविवारी मटण झालं की सासूबाई ताटातली नळी त्याला देतात. ‘गावाकडं आमच्या कुत्र्यांनी जन्मभर हाडंच खाल्ली. दात घट्ट होतात, कॅल्शियम मिळतं,’ असं त्या म्हणतात. मी अडवते आणि वाद होतो. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नळी आजपासून बंद करा. शिजलेलं हाड पिल्लाला कधीच देऊ नये. मटणाचं नको, चिकनचं तर मुळीच नको. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. त्या घशात रुततात, क्वचित आतडंही फाडतात.

नळीचा धोका आणखी वेगळा. मगज चाटता चाटता तो गोल तुकडा खालच्या जबड्यावर चढतो आणि सुळ्यांच्या मागे अडकून बसतो. पिल्लू घाबरून पंजांनी तोंड ओरबाडत राहतं. अशी पिल्लं माझ्याकडे येतात तेव्हा गुंगीचं औषध देऊन हाड कापून काढावं लागतं. फार वाईट वाटतं बघून.

कुकरला जास्त शिट्ट्या देऊन मऊ केलेलं हाड चालेल का, असंही लोक विचारतात. टोचणार नाही कदाचित, पण त्याचा चुरा आतड्यात साचतो, शी खडूसारखी पांढरी नि कडक होते आणि पिल्लू कुंथून बेजार होतं. कच्च्या हाडातून साल्मोनेलासारखे जंतू येतात. तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून तेही नको.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. हाडं खाऊन धडधाकट राहिलेली कुत्री मीही पाहिली आहेत. पण जे कुत्रं चार दिवस ओकून गोठ्यामागे मेलं, त्याचं पोट कुणी उघडून पाहिलं? ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून विषय संपतो.

कॅल्शियमचं मात्र त्यांना नीट समजावून सांगा. इतक्या लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, पोटात जाईल त्यातलं बरंचसं ते शोषून घेतं. लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातीत त्यामुळे हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होऊ शकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य देत असाल, तर हवं तेवढं कॅल्शियम त्यातच असतं.

आता चावण्याबद्दल. त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येत आहेत. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हिरड्या शिवशिवणारच. जुना पंचा ओला करून, पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवा आणि गार झाला की द्या, फक्त चिंध्या गिळत नाही ना हे बघा. रबराचं खेळणं घेताना अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख किंचितही रुतत नसेल, तर ते दातांना फार कडक आहे. दुकानातली वाळवलेल्या चामड्याची हाडंही नकोत, ती फुगून घशात किंवा पोटात अडकतात.

सासूबाईंचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून रविवारचं काम त्यांच्याकडेच राहू द्या. फोडणी-मसाल्याआधी बिनहाडाच्या मटणाचे दोन-तीन लहान, चरबी काढलेले तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून त्यांनी भरवावेत. रस्सा नको. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

हाडाचा तुकडा गिळलाच, तर घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. टोकदार तुकडा वर येतानाही इजा करतो. लगेच डॉक्टरांना फोन करा. लाळ गळणं, वारंवार ओकणं, पोट धरून बसणं, शीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. उरलेलं हाड पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे एक्स-रेमध्ये केवढा तुकडा शोधायचा ते कळतं.