डिटॉक्स डाएटने शरीर खरंच साफ होतं का?

नाही. मूत्रपिंडं रक्तातून रोज साधारण 180 लिटर द्रव गाळतात, दारू आणि औषधांची विल्हेवाट यकृत लावतं. नुसत्या रसावर राहून हा वेग वाढत नाही.

मग तीन दिवसांत दीड-दोन किलो कसे उतरतात? यकृत आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) संपत जातं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साठलेलं सुमारे 3 ग्रॅम पाणीही निघून जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते परत येतं. चरबी फार थोडी जाते.

सोनामुखीच्या 'क्लीन्झ' चहापासून तर लांबच राहा. ती मोठ्या आतड्यावर काम करते. कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषलेल्या असतात. जुलाबात जातं ते पाणी आणि पोटॅशियम. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.