समारियाची घळ, क्री-क्री आणि उपवासाचं ऑक्टोपस

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं ग्रीसच्या क्रीट बेटावर जातोय. हानिया शहरातून भाड्याची गाडी घेऊन समारिया घळ उतरायची आणि रात्री परत यायचं, असा बेत आहे. सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलोय. जमेल ना? (ठाणे)

घळ जमेल, गाडीचं जमणार नाही. ओमालोस पठारावरचं क्सिलोस्कालो हे प्रवेशद्वार सुमारे १,२३० मीटर उंचीवर आहे. तिथून वाट उतरते ती थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या आगिया रुमेली गावात, १६ किलोमीटरवर. या गावाला मोटाररस्ताच नाही. बाहेर पडायचं ते बोटीनं, पश्चिमेला सुगियाला किंवा पूर्वेला होरा स्फाकिओनला, आणि तिथून बसनं हानियाला. गाडी वर ठेवलीत तर ती डोंगरापल्याड अडकते. म्हणून जातानाही हानियाहून पहाटेची बसच धरा. संध्याकाळची बोट साधारण साडेपाचच्या सुमारास सुटते. वेळ हंगामानुसार बदलते, आदल्या दिवशी पाहून ठेवा. चुकली तर मुक्काम गावातच.

सह्याद्रीत आपण आधी चढतो, मग उतरतो. इथे चढ जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच गुडघे बोलू लागतात: मोठा उतार पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच संपतो, आणि तो ताज्या पायांच्या जोरावर लोक धावत उतरतात. पुढचे दहा-बारा किलोमीटर नदीपात्रातल्या गोट्यांवरून जायचं असतं. घोट्याला आधार देणारे, वापरून सैल झालेले बूट घाला. नव्या बुटात उतारावर अंगठ्याची नखं काळीनिळी होतात. पाच ते सात तास धरा. पाण्याची एक लिटरची बाटली पुरते, कारण वाटेत ठिकठिकाणी झऱ्याचं पिण्याजोगं पाणी आहे. खायला मात्र आत काही मिळत नाही. घळ ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याचं खालचं दार ओलांडलं की गावापर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर उघड्या उन्हातले, तेव्हा बाटली त्याआधी भरून घ्या.

तिकीट फेकू नका. आत कोणी राहिलं तर नाही ना, हे कळावं म्हणून बाहेर पडताना ते तपासतात. दरड कोसळण्याच्या पाट्या दिसतील तिथे फोटोसाठीही थांबू नका. ‘लोखंडी दारं’ म्हणतात त्या सर्वांत अरुंद जागी घळ जेमतेम तीन-चार मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटरचे कडे. पावसाचं पाणी तिथे कसं येत असेल, हे सांधण दरी पाहिलेल्यांना सांगायला नको. पाऊस किंवा कडक उष्म्याचा अंदाज असला की घळ बंद ठेवतात, म्हणून हानियात एक दिवस हाताशी राखून ठेवा. घळ एरवी मे ते ऑक्टोबर उघडी असते.

प्रश्न : तिथल्या बकऱ्या रानटी की पाळीव? आणि आतलं गाव ओसाड का? (नाशिक)

घळीतली ती रानबकरी म्हणजे क्री-क्री, आणि ती मुळात बेटावरची नव्हेच. नवाश्मयुगात माणसांनी होडीतून शेळ्या आणल्या, त्यांतल्या काही डोंगरात पसार झाल्या. ही त्यांची प्रजा, असं अभ्यासक मानतात. मागे वळलेल्या लांब शिंगांवरून नर ओळखता येतो. शिकारीइतकाच धोका आहे तो गावच्या शेळ्यांशी होणाऱ्या संकराचा. समारिया गावातली माणसं १९६२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा हलवली गेली. गावाचं नाव आलं ते तिथल्या ओसिया मारियाच्या चर्चवरून. कड्यांच्या कपारीत लवदार, गोलसर पानांचं दिक्तामो दिसेल. ही वनस्पती फक्त क्रीटची. तोडायला मनाई आहे. वाळवलेली पानं बाजारात चहासाठी मिळतात.

प्रश्न : क्रीटमधल्या क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यातले लाल खांब खरे किती? (कोल्हापूर)

जे लाल रंगात उभे दिसतात ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्सच्या काळातले. त्यांनी १९००मध्ये उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून मजलेच्या मजले उभे केले. मूळ खांब लाकडी होते, ते कधीच नष्ट झाले. भित्तिचित्रांच्याही तिथे प्रतिकृतीच आहेत. अस्सल तुकडे हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत, आणि कितीसा तुकडा मूळ नि किती भरणा नंतरचा, ते तिथे नीट दिसतं. एकाच दिवशी दोन्ही पाहा, अंतर पाचेक किलोमीटर.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. क्रीटमध्ये हाल होतील का? (पुणे)

मुळीच नाही, पण एक घोळ आधी समजून घ्या. ‘निस्तिसिमो’ म्हणजे तिकडचं उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नाही, पण ऑक्टोपस आणि माकूळ चालतात! तेव्हा हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. ‘लादेरा’ मागा: ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, अगदी भेंडीसुद्धा. ‘दाकोस’ म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि तेल. टोस्ट आधी किंचित ओला केलेला नसेल तर दातांची परीक्षा. भरल्या टोमॅटोत कधी भात असतो, कधी ‘किमा’. हा शब्द आपल्या खिम्याचाच भाऊ, दोन्ही तुर्की मुळाचे. चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासरा-करडांच्या जठरातून काढलेलं विरजण, असू शकतं. तेही चालत नसेल तर विचारून घ्या. वेटरला सांगायचं ते एवढंच : ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’, मांस नको, मासे नकोत. आणि ऑक्टोपसचं वेगळं सांगा : ‘होरिस ख्तापोदी’.