तुपात कॅलरी किती?

न्यू जर्सीहून एका आईने लिहिले आहे: "आमची नऊ वर्षांची मुलगी गेल्या महिन्यापासून खाण्याच्या प्रत्येक पाकिटावरचा मजकूर वाचते. परवा भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंनी तिच्या वरणभातावर तूप वाढले, तेव्हा तिने विचारले, 'आजी, ह्यात कॅलरी किती?' माझे पती सध्या वजन कमी करत आहेत. त्यांनी फोनमधल्या ॲपवर पाहून लगेच 'पंचेचाळीस' असे सांगितले. मुलीने तूप लागलेला भात बाजूला सारला आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. कॅलरी हा शब्द शाळेतही शिकवतात, त्यामुळे तो टाळता येणार नाही. मग तो तिला समजावून कसा सांगावा?"

आपल्या मुलीचा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याला खरे उत्तर मिळायला हवे. अमेरिकेत २०१६ साली खाद्यपदार्थांवरील माहितीची चौकट बदलली, तेव्हा कॅलरीचा आकडा मुद्दाम मोठ्या ठळक अक्षरांत छापावा असे ठरले. मे २०१८ पासून वीस किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना तो पदार्थांच्या यादीवरही द्यावा लागतो, आणि इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून मोठ्या उपाहारगृहांना असाच नियम लागू झाला आहे. नुकते वाचू लागलेले मूल सर्वांत मोठे अक्षर आधी वाचते. त्यामुळे हा आकडा तिच्यापासून लपवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे मात्र तिला घरातल्या माणसांकडून कळले पाहिजे.

कॅलरीला मराठीत उष्मांक म्हणतात, आणि मुलांना समजावताना हाच शब्द अधिक उपयोगी पडतो, कारण ही गोष्ट उष्णतेची आहे हे त्या शब्दातच आले आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे पाकिटावरची एक कॅलरी. हे तिला ओट्याजवळ उभे करून दाखवावे. एक सपाट चहाचा चमचा साखर सुमारे ४ ग्रॅम भरते आणि तिच्यातून १६ कॅलरी मिळतात. नळाचे साधारण २० अंशांचे २०० मिलिलिटर पाणी, म्हणजे एक पेला, उकळीला आणायलाही जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. पातेल्यातले पाणी उकळू लागले की चमचाभर साखर तिच्या तळहातावर ठेवावी आणि सांगावे, "एवढ्या साखरेत एवढे पाणी उकळण्याइतकी शक्ती असते. तू धावतेस, अभ्यास करतेस, झोपेत तुझे हृदय चालते, तुझी उंची वाढते, ते सगळे अशाच शक्तीवर." कॅलरी ही भीती बाळगण्याची गोष्ट नसून शरीराचे इंधन आहे, हे नऊ वर्षांच्या मुलीला अशा वेळी नीट उमगते.

त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, त्या आकड्याची मर्यादा दाखवावी. टेबलावर कोलाचा ३५५ मिलिलिटरचा डबा आणि त्याच्या शेजारी वाटीत मूठभर, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे ठेवावेत. (घरात कोणाला शेंगदाण्यांची ॲलर्जी असल्यास फुटाणे घ्यावेत, मात्र साधारण दीडपट. शाळेच्या डब्यात शेंगदाणे देण्यापूर्वी शाळेचा नियम पाहावा.) दोन्हींचा आकडा जवळपास सारखाच, १४०च्या आसपास, येतो. मात्र डब्यात ३९ ग्रॅम साखर आहे, म्हणजे जवळजवळ दहा चमचे, आणि तिच्याबरोबर शरीराच्या उपयोगाचे दुसरे काही नाही. शेंगदाण्यांत प्रथिने आहेत, तंतू आहेत, आणि ते चावून खावे लागत असल्याने पोट भरल्याची जाणीव होते. ते दहा चमचे तिलाच एका वाटीत मोजायला लावावेत. तुपाचा प्रश्नही इथेच सुटतो. चमचाभर तुपातून ४५ कॅलरी मिळतात हे आपल्या पतींनी बरोबर सांगितले, परंतु अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागण्यासाठी आहारात स्निग्ध पदार्थ असावेच लागतात, ही गोष्ट ४५ ह्या आकड्यात कुठेही दिसत नाही.

ह्यापुढे जाऊन मुलीच्या ताटातला प्रत्येक घास मोजू नये, असे माझे ठाम मत आहे. पाकिटाच्या तळाशी जे २,००० कॅलरींचे प्रमाण छापलेले असते, ते प्रौढांसाठीचे सर्वसाधारण माप आहे. वाढत्या मुलांची भूक दर आठवड्याला बदलते, आणि वयात येण्यापूर्वी उंचीच्या आधी थोडे वजन वाढणे हेही पुष्कळदा स्वाभाविक असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली पालकांना असा सल्ला दिला की मुलांना डाएट करायला लावू नये, घरात वजनाविषयी बोलणे टाळावे आणि शक्य तितक्या वेळा सर्वांनी एकत्र जेवावे. तेव्हा आपल्या पतींनी त्यांची नोंद अवश्य ठेवावी, परंतु ती जेवण झाल्यावर आणि मुलीच्या अपरोक्ष. वडील कोणत्या घासाकडे कसे पाहतात, हे मुले फार बारकाईने टिपतात.

आकड्यांच्या जागी तिला काय द्यावे, ह्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे ताट वाढण्याची जी पद्धत आहे, ती तिला शिकवावी. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, उसळ किंवा आमटी, समोर वरणभात आणि पोळी. चटणी व लोणचे बोटभर, भाजी व उसळ भरपूर, हे प्रमाण त्या मांडणीतच आलेले आहे. रविवारी डावी बाजू वाढण्याचे काम तिच्याकडे सोपवावे आणि काकडी तिलाच चोचवू द्यावी. पदार्थांना 'चांगले' आणि 'वाईट' असे शिक्के मारण्याऐवजी 'रोजचे' आणि 'सणाचे' असे दोन शब्द वापरावेत. परदेशात आपली अडचण अशी होते की शनिवारचे वाढदिवस, मंडळाचे कार्यक्रम आणि एकमेकांकडची जेवणे यांमुळे सणाचे जेवण जवळजवळ दर आठवड्याला समोर येते. त्याचा विचार मोठ्यांनी कार्यक्रम ठरवतानाच करावा. समोर आलेल्या पुरणपोळीचे उष्मांक मुलीला ऐकवू नयेत.

किती खायचे, हे मात्र तिच्यावर सोपवावे. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे पालकांनी ठरवावे, आणि खायचे की नाही व किती खायचे हे मुलाने ठरवावे, अशी विभागणी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली आहे. आपल्या घरांत ती पचनी पडायला वेळ लागतो, कारण आग्रह करून वाढणे हा आपल्याकडे प्रेमाचाच भाग मानला जातो, आणि ताटात टाकू नये हा संस्कारही तितकाच खोलवर रुजलेला आहे. दोन्हींचा मान राखायचा असेल, तर पहिल्यांदा थोडेच वाढावे आणि तिने मागितले की पुन्हा वाढावे. सासूबाईंनाही हे एकांतात आणि प्रेमाने सांगावे. तूप थेट भातावर वाढण्याऐवजी त्यांनी तुपाची वाटी आणि चमचा नातीपुढे ठेवावा, आणि तिने घेतले नाही तरी काही बोलू नये. 'किती बारीक झालीस' किंवा 'जरा अंगाने भरलीस' ही वाक्ये नातेवाइकांच्या तोंडी सहज येतात, व्हिडिओ कॉलवर तर हटकून येतात. ती त्यांनी आपल्याशी बोलावीत, मुलीसमोर नको, हेही आपणच सांगायला हवे.

एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. ती जेवण चुकवू लागली, पूर्वीचे आवडते पदार्थ एकेक करून सोडू लागली, इतरांबरोबर जेवायला बसणे टाळू लागली किंवा आरशासमोर आपल्या शरीराविषयी वारंवार वाईट बोलू लागली, तर 'वयाप्रमाणे होते' असे म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांची वेळ लवकर घ्यावी. भेटीपूर्वी त्यांना निरोप पाठवून, वजनाचा आकडा मुलीसमोर उच्चारू नये आणि त्याविषयी आपल्याशी स्वतंत्रपणे बोलावे, अशी विनंती करावी.