आधी स्कर्टिंग की आधी कार्पेट? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मनीषनगरात घेतलेल्या आमच्या नव्या सदनिकेचे आतील काम सुरू आहे. एका शयनकक्षात टाइल न लावता सिमेंटचा कोबा तसाच ठेवून घेतला असून तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आणि सागवानी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवायची पट्टी, करायचे ठरले आहे. सुतार म्हणतो, स्कर्टिंग आधी बसवू द्या. कार्पेटच्या दुकानदाराचे म्हणणे असे, की आधी कार्पेट अंथरले तर नंतर येणाऱ्या पट्टीखाली त्याची कड दाबली जाईल आणि काम सफाईदार दिसेल. दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे ऐकावे? रंगकाम यात केव्हा करावे?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आपल्या सुताराचे ऐकावे. ताणून बसवायच्या कार्पेटच्या बाबतीत स्कर्टिंग आधी आणि कार्पेट सर्वांत शेवटी, हाच क्रम योग्य आहे. मात्र त्यासाठी स्कर्टिंग कोब्याला न टेकवता थोडे उचलून बसवावे लागते, आणि ही गोष्ट सुताराला आधीच स्पष्ट सांगायला हवी, कारण टाइलच्या घरांत काम करण्याची सवय असलेले बहुतेक कारागीर पट्टी जमिनीला भिडवूनच ठोकतात.

दुकानदाराची काळजी खोटी नाही. कार्पेटची कापलेली कड उघडी राहिली तर तिचे धागे सुटू लागतात, म्हणून ती कशाखाली तरी जायलाच हवी. परंतु त्यासाठी ती पट्टीखाली दाबून टाकण्याचे कारण नाही. कार्पेट बसवणारे कारागीर खोलीच्या कडेने ग्रिपर पट्ट्या ठोकतात, ज्यांवर भिंतीच्या दिशेने झुकलेल्या बारीक टोकदार खिळ्यांच्या रांगा असतात. ग्रिपर आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये साधारण दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा मोकळी सोडतात. कार्पेट ताणून या खिळ्यांत अडकवले आणि जास्तीचा भाग कापला, की उरलेली कड रुंद, बोथट पात्याच्या हत्याराने त्या फटीत खोचली जाते. स्कर्टिंग उचललेले असेल तर कड त्याच्या खाली शिरते आणि दिसेनाशी होते.

आता हेच काम उलट क्रमाने केले तर काय होईल, ते पाहा. स्कर्टिंग नसताना कारागीर ग्रिपर उघड्या गिलाव्यापासून मोजून ठोकेल. त्यावर नंतर पाच-सहा सूत जाडीची लाकडी पट्टी आली, की ती थेट ग्रिपरच्या खिळ्यांवर आणि ताणलेल्या कार्पेटवर बसेल. ती ना भिंतीला नीट चिकटेल, ना एका पातळीत राहील. शिवाय विटांच्या भिंतीत ड्रिलने भोके पाडताना उडणारी तांबडी धूळ, रंध्याचा भुसा आणि पॉलिशचे थेंब हे सारे कोऱ्या कार्पेटवर पडेल. वर प्लास्टिक अंथरले तरी ड्रिलची बारीक धूळ त्याखाली शिरल्याशिवाय राहत नाही, आणि कार्पेटच्या मुळाशी गेलेली ती धूळ झाडूने निघत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठे कारण मात्र पुढच्या वर्षांचे आहे. कार्पेट वापराने सैल पडते, त्याला सुरकुत्या येतात आणि ते पुन्हा ताणून घ्यावे लागते. काही वर्षांनी ते बदलावेही लागते. सागवानी स्कर्टिंग नीट जपले तर त्या घरात अनेक कार्पेटे पाहील. जी वस्तू आधी बदलायची आहे, ती जास्त टिकणाऱ्या वस्तूखाली स्क्रूने जखडून ठेवणे म्हणजे प्रत्येक वेळी स्कर्टिंग उखडण्याची, आणि त्याबरोबर गिलावा आणि रंग खराब होण्याची तजवीज करून ठेवणे होय.

स्कर्टिंग किती उचलावे, याचे उत्तर कार्पेटच्या जाडीवर अवलंबून आहे. सर्वसाधारणपणे तीन ते चार सूत पुरतात. पातळ कार्पेटला अडीच-तीन सूतही चालतात. येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो, कारण ते कार्पेटखालच्या फोमची जाडीही त्यात धरतात. फोम ग्रिपरपाशी थांबतो, तो फटीत जात नाही. म्हणून स्कर्टिंगखाली जायची आहे ती फक्त कार्पेटची जाडी. दुकानातून कार्पेटचा वीतभर नमुना आधीच मागून घ्यावा आणि पहिली पट्टी पक्की करण्यापूर्वी तो तिच्याखाली सारून पाहावा. तो किंचित दाबून आत जायला हवा. सहज सरकत असेल तर फट जास्त आहे.

प्रत्यक्ष बसवताना सुताराकडे १२ मिमी प्लायचे तुकडे हमखास पडलेले असतात, ते कामाला येतात. दर दोन-अडीच फुटांवर एक तुकडा कोब्यावर ठेवायचा, त्यावर पट्टी टेकवायची, प्लग आणि स्क्रूने ती भिंतीला आवळायची आणि मग तुकडे काढून घ्यायचे. कोबा सहसा अगदी समपातळीत नसतो, म्हणून आधी पाणी भरलेल्या नळीने किंवा लेझरने खोलीतला सर्वांत उंच बिंदू शोधून तेथून रेषा आखावी. एखाद्या कोपऱ्यात फट सूतभर जास्त आली तरी कार्पेट ती झाकते. त्याहून जास्त खोलगट भाग असेल तर आधी कोबाच भरून घ्यावा.

रंगाचा क्रम असा ठेवावा : पुट्टी, प्रायमर आणि भिंतीचा पहिला हात झाल्यावर स्कर्टिंग, त्यानंतर स्क्रूची भोके लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) आणि पट्टीच्या वरची बारीक फट अॅक्रिलिक सीलंटने भरून पॉलिश, मग भिंतीचा शेवटचा हात, आणि सारे पूर्ण वाळल्यावर कार्पेट. दाराचे पल्लेही त्यापूर्वीच उतरवून, कार्पेट आणि फोमची मिळून होणारी जाडी मोजून, खालून रंधून घ्यावेत. कार्पेट आल्यानंतर दार अडू लागले, की खोलीतच भुसा पाडण्याची वेळ येते.

प्रश्न : धरमपेठेत आमचे तळमजल्याचे जुने घर आहे. सासऱ्यांच्या खोलीची मोझॅक फरशी हिवाळ्यात फार गार पडते, म्हणून तेथे कार्पेट करायचे आहे. भिंतीला फरशीचेच सहा इंची स्कर्टिंग आहे. ते फोडून लाकडी बसवावे लागेल का? दोन वर्षांपूर्वी या खोलीतल्या कपाटाला वाळवी लागली होती.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : स्कर्टिंग मुळीच फोडू नये. जमिनीला टेकलेल्या पक्क्या स्कर्टिंगपुढेही कार्पेट नीट बसते. कड त्याच्या खाली जात नाही, तर ग्रिपर आणि स्कर्टिंग यांच्यामधल्या दोन सुताच्या खाचेत उभी खोचली जाते. येथे लक्ष द्यायचे ते ग्रिपरकडे. मोझॅकमध्ये खिळे ठोकले तर फरशी तडकते, म्हणून ग्रिपर चांगल्या प्रतीच्या बांधकामाच्या गोंदाने चिकटवून घ्यावेत आणि किमान एक दिवस तसेच राहू द्यावेत. त्याच दिवशी कार्पेट ताणले तर पट्ट्या सुटून येतात. फरशीवर मेणाचे पॉलिश असेल तर कडेचा दोन-तीन इंचांचा पट्टा आधी घासून साफ करावा, नाहीतर गोंद धरत नाही.

आपल्या पत्रातली वाळवीची ओळ मात्र मला कार्पेटपेक्षा महत्त्वाची वाटते. बांधून झालेल्या घरात वाळवीचा उपाय करताना भिंत आणि जमीन जेथे मिळतात त्या सांध्यालगत साधारण फूटभर अंतराने फरशीत भोके पाडून त्यांत औषध सोडतात आणि मग ती सिमेंटने बुजवतात. नेमकी हीच जागा ग्रिपर आणि कार्पेटखाली जाणार आहे. तेव्हा हे काम आताच, सर्वांत आधी करून घ्यावे, आणि भोके बुजवून फरशी कोरडी झाल्यावरच पुढे जावे. ग्रिपरही शेवटी लाकडाचेच असतात. वाळवीचा संशय असलेल्या खोलीत ते विनाउपाय लावणे म्हणजे तिला भिंतीच्या कडेने वाट करून देणे आहे.

तळमजला असल्याने ओलही तपासावी. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून फरशीवर एक दिवस ठेवावा; काढताना खाली दव धरलेले किंवा फरशी काळपट झालेली दिसली, तर कार्पेटचा बेत तूर्त सोडून ओलीचे मूळ शोधावे. ही चाचणी पावसाळ्यात केली तर जास्त खरी ठरते. तोवर सासऱ्यांच्या पलंगाजवळ एखादी जाड सतरंजी किंवा सुटा गालिचा पुरेल, जो उचलून उन्हात टाकता येतो.

प्रश्न : बेसा येथील आमच्या घरात अभ्यासिकेसाठी लॅमिनेटची लाकडी जमीन घेत आहोत. आमचे डेकोरेटर स्कर्टिंग नंतर बसवायला सांगतात. शेजारच्या खोलीत कार्पेट आहे आणि तेथे तर आधी बसवले होते. यांतले बरोबर काय?
— एक वाचक, बेसा

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. लॅमिनेटच्या फळ्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात आणि हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतात व आकसतात. म्हणून चारही भिंतींलगत ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडावी लागते. ती झाकण्याचे काम स्कर्टिंगचे असल्याने ते फळ्यांनंतर येते, आणि त्याचे स्क्रू केवळ भिंतीत जातात, फळ्यांत कधीच नाही. जमीन स्कर्टिंगने जखडली गेली, की पावसाळ्यात मधोमध फुगवटा येतो. कार्पेटची कड खोचता येते, फळीची येत नाही. क्रमातला फरक तेवढ्यामुळे आहे. दोन खोल्यांच्या स्कर्टिंगची वरची कड मात्र एका रेषेत आणून घ्यावी, कारण दार उघडे असताना डोळा तेथेच जातो.

प्रश्न : लकडगंजातून सागवानी पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. मे महिन्यात मुलांना सुट्ट्या असतात, तेव्हाच स्कर्टिंग आणि कार्पेटचे काम उरकावे असे वाटते. उन्हाळ्यात करण्यास हरकत आहे का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : हरकत नाही, पण नागपूरचा मे महिना लाकडाला साधा नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते. त्याच वेळी आत वाळ्याचा कूलर दिवसभर ओलसर हवा फेकत असतो. गच्चीवर किंवा अंगणात ठेवलेली पट्टी आणि कूलरच्या खोलीत राहणारी पट्टी यांची रुंदी सारखी राहत नाही. म्हणून पट्ट्या ज्या खोलीत लागणार आहेत, त्याच खोलीत आठवडाभर, मध्ये लाकडी तुकडे ठेवून, हवा खेळेल अशा रचाव्यात आणि कूलर एरवी चालतो तसाच चालू ठेवावा. भिंतीकडे जाणारी मागची बाजू दिसत नाही म्हणून कोरी ठेवतात. तिलाही सीलरचा एक हात द्यावा, नाहीतर एकाच बाजूने ओल पिऊन पट्टी पन्हाळीसारखी वाकते.

कोपऱ्यांत ४५ अंशांचा सांधा करण्याऐवजी एक पट्टी भिंतीपर्यंत सरळ नेऊन दुसरीचे टोक पहिलीच्या आकाराप्रमाणे कापून तिला भिडवावे. आपल्याकडील भिंतींचे कोपरे क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतात, आणि मेमध्ये नीट जुळलेला ४५ अंशांचा सांधा ऋतू बदलला की उघडा पडतो.

कार्पेटचा रोलही बसवण्यापूर्वी एक-दोन दिवस खोलीत उलगडून ठेवावा. कूलर थेट कार्पेटवर पाण्याचे तुषार उडवत असेल, तर ती खोली कार्पेटसाठी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे फरशीच ठेवावी आणि कार्पेट एसीच्या खोलीत करावे. सुट्टीतच काम करायचे असेल तर पट्ट्यांचे कापणे, रंधणे आणि पॉलिश मेमध्ये उरकावे आणि कार्पेटवाल्याला सर्वांत शेवटचा दिवस द्यावा, कारण त्या आठवड्यात सुतार एक दिवस जरी लांबला तरी दोघे एकाच वेळी खोलीत असता कामा नयेत.