गळ टाकून बसल्यावर बोललं तर मासे पळतात का?

नाही. काठावर बसून साध्या आवाजात बोललात तर मासे पळत नाहीत.

सोबतचे जुने गळवाले तुम्हाला सारखं गप्प बसवतात, त्यात तथ्य किती, माशांना नेमकं काय कळतं आणि आमिषाचा रंग कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. रंगाचं नंतर सांगते. आधी गप्प बसवण्याचं, कारण याच एका समजुतीपायी मी लहानपणी कायम पाण्यापासून लांब बसले.

माझे काका पट्टीचे गळवाले. सुट्टीत आम्हा भावंडांना घेऊन जायचे, पण मी बोलकी म्हणून मला मागे झाडाखाली बसवायचे. मासा लागला नाही की ‘हिच्या तोंडामुळे’ हे ठरलेलं. भाऊ काठावरून धावत असायचे, त्यांना कुणी काही म्हणायचं नाही.

एका दुपारी काकांचा जेवणानंतर डोळा लागला तेव्हा मी काठावरच्या खडकावर पालथी पडून पाण्यात बघत राहिले. गुडघाभर पाण्यात बोटाएवढ्या माशांचा घोळका प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी उभा होता, शेपट्या तेवढ्या हलत होत्या. मी त्यांच्याशी बोलायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मग पाढे म्हटले. एकही मासा हलला नाही. मग नुसता हात वर केला. पाण्यावर सावलीसुद्धा पडली नव्हती, तरी घोळका क्षणात फुटला. थोड्या वेळाने ते एकेक करून परत जमले. तेवढ्यात काका उठले, धपाधप पावलं टाकत आले आणि आमिषाचा पत्र्याचा डबा खडकावर आदळला. पाणी रिकामं! मी म्हटलं, “काका, ते तुमच्या पायांना घाबरले.” उत्तर आलं, “शहाणपणा नको. मागे जाऊन बस.”

मी बरोबर होते आणि त्याचं कारण साधं आहे. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की त्यातली हजारातला एक भाग इतकीच ऊर्जा आत शिरते. तीही आवाज जवळजवळ सरळ वरून आला तर. उभ्या रेषेपासून साधारण १३ अंशांपेक्षा जास्त तिरका आलेला आवाज पृष्ठभागावरून परत फिरतो. काठावर बसलेल्या माणसाचं बोलणं तिरकंच जातं. पावलांचं तसं नाही. पायाचा दणका जमिनीतून थेट पाण्यात उतरतो, आणि तो असतो खालच्या पट्टीचा, म्हणजे माशाचा कान ज्यात सगळ्यात तरबेज तोच. हो, माशाला कान असतो, कवटीच्या आत. त्यात चुन्याचे खडे असतात. पाण्याबरोबर माशाचं अंग हलतं, जड खडे मागे राहतात आणि तो फरक केसासारख्या पेशी टिपतात.

पावलं पार्श्वरेषेने, म्हणजे माशाच्या अंगाच्या बाजूने जाणाऱ्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या रेषेने कळतात असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. पार्श्वरेषेची पोच माशाच्या एक-दोन अंगांच्या लांबीइतकीच. जवळून सरकणारं भक्ष्य, शेजारचा मासा, दगडाला वळसा घालणारा प्रवाह, हे तिचं काम. तुमचं गांडूळ गळावर वळवळतंय की मेल्यासारखं लोंबतंय, ते मात्र तिला पक्कं कळतं.

काकांच्या बाजूचे लोक इथे कार्ल फॉन फ्रिश यांचं नाव काढतात. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून १९७३ चं नोबेल मिळवणारे तेच. त्यांनी डोळे काढलेल्या एका मिशीवाल्या माशाला दरवेळी शीळ वाजवून खाऊ घातलं, आणि पुढे तो नुसत्या शिळेवर आपल्या नळीतून बाहेर यायला लागला. १९२३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मिशीवाले मासे आणि रोहू-कटल्याचं कुळ यांच्यात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान इतर बहुतेक माशांपेक्षा तिखट. मान्य. पण तो मासा शीळ ऐकून पळाला नाही, जवळ आला! ऐकू येणं वेगळं आणि घाबरणं वेगळं.

घाबरवायचं कसं हेही फॉन फ्रिश यांनीच दाखवलं. या कुळांतल्या माशांची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याचा वास लागताच जातभाई दडी मारतात किंवा पांगतात. काका पकडलेला मासा गळाशेजारीच साफ करायचे आणि ते पाणी तिथेच ओतायचे. त्यानंतर तासभर काही लागलं नाही तर दोष माझ्या तोंडाचा! मासा साफ करायचा तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, लांब नेऊन करा. जखमी बारका मासाही गळाजवळ परत सोडू नका.

आणि बसा. उभे राहू नका. वरचं सगळं जग माशाला सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. मासा १ मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर ती खिडकी सव्वादोन मीटर रुंद. क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला चेपून, अंधुक दिसतात. बसलेला माणूस त्या कडेत जातो, उभा राहिला की तिथून वर येतो. पाठीशी झुडूप असेल तर आणखी चांगलं. तुमच्यासोबत बोलकं पोर असेल तर त्याला मागे पाठवू नका, शेजारी बसवा आणि पाय आपटू नको एवढंच सांगा.

होडीत असाल तर मात्र माझं म्हणणं जसंच्या तसं लावू नका. पत्र्याच्या होडीचा तळ पाण्याला टेकलेला असतो, त्यामुळे आत पडलेलं वल्हं किंवा डबा पाण्यात चांगला वाजतो. इथेही तोंडापेक्षा हातपायच सांभाळायचे.

आता रंग. नितळ पाण्यात खोल जाताना लाल सगळ्यात आधी विझतो, तिथे लाल आमिष काळपटच दिसणार. गढूळ पाण्यात रंगावर डोकं शिणवू नका, हालचाल आणि वास बघा. संध्याकाळी माशाचे डोळे रंग सोडून उजेड-अंधारावर चालतात. खालून बघणाऱ्याला आभाळाच्या उजेडावर गडद आकृती उठून दिसते, म्हणून त्या वेळी मी काळं किंवा गडद तपकिरी आमिष लावते.