लूपला घेतलेली गाडी

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागावलो, दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं. ‘तुम्ही सिग्नलवाले, लोकांना थांबवण्यात तुमची हयात गेली, तुम्हाला माझी घाई काय कळणार’ हे वाक्य तर मी मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. खरंच आहे ते. पस्तीस वर्षं मी तेवढंच केलं.

बरोबरीचे सगळे कामाला लागले, आपलंच वर्ष फुकट गेलं, हे तू चार पानं लिहिलंस आणि शेवटी जाता जाता विचारलंस, मुलाखतीला विमानानं जाऊ की रेल्वेनं? त्याचं उत्तर आधी देतो. जाताना विमानानं जा. तिथे वेळेवर पोचण्याला महत्त्व आहे, उगाच रेल्वेचं कौतुक नको. येताना मात्र दिवसाची गाडी पकड आणि खिडकी मिळेल असं बघ.

आता त्या फुकट गेलेल्या वर्षाबद्दल.

एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या यायच्या असतील, तर एकीला मधल्या स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात. याला आम्ही ‘लूपला घेणं’ म्हणतो. डब्यातली माणसं वैतागतात. दहा मिनिटं झाली, वीस झाली, बाहेर काहीच घडत नाही. कुणीतरी दारातून वाकून बघतं, कुणी चालकाला नावं ठेवतं. पण त्याच वेळी पुढच्या टप्प्यावर पलीकडची गाडी धावत असते, आणि तिच्याकडे त्या टप्प्याचं टोकन, म्हणजे तिथून जाण्याचा परवाना असतो. ही टोकनं ज्यातून निघतात ती दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेनं एकमेकांना बांधलेली असतात. एक टोकन बाहेर असेपर्यंत दुसरं निघतच नाही. स्टेशनमास्तरानं कितीही ओढलं तरी नाही.

हे यंत्र लोकांनी हौसेनं नाही बनवलं. 1874 साली इंग्लंडमध्ये थॉर्प इथे तारेच्या निरोपात घोळ झाला, दोन्हीकडून गाडी सोडली गेली आणि रात्रीच्या पावसात दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर धडकल्या. एका गाडीला उशीर झाला होता, म्हणून घाई चालली होती. त्यानंतर ही टोकनची यंत्रं आली. मी ती उघडून साफ केली आहेत, त्यांचे दात मोजले आहेत. लूपमध्ये उभ्या गाडीकडे मला तेव्हापासून रखडलेली गाडी म्हणून बघताच येत नाही. तिचा प्रवास चालूच असतो, फक्त चाकं फिरत नसतात.

लूपमध्ये आणखी एक गंमत होते, तुलाही अनुभव असेल. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. कधी उलटं, आपण मागे चाललो असं वाटून पोटात गोळा येतो. यावर उपाय अगदी सोपा आहे. मान वळवायची आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून एखादा खांब बघायचा. तुझ्या पत्रात तुझ्या मित्रांची नावं अकरा वेळा आली आहेत. (मोजायची सवय, काय करणार.) खांब एकदाही आलेला नाही. मागच्या वर्षी या दिवसांत तुला काय येत नव्हतं आणि आज येतं, ते पुढच्या पत्रात लिही.

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर ब्रेकचंही सांगतो, कारण यात तुम्हा मुलांचा हमखास गैरसमज असतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं 1869 साली हवेचा ब्रेक केला, तेव्हा हवेचा दाब दिला की ब्रेक लागत. ऐकायला सरळ वाटतं. पण नळी फुटली, डबा तुटला, की दाब गेला आणि ब्रेकही गेला. तीन वर्षांत त्यानं सगळं उलटं केलं. गाडीभर नळीत दाब भरलेला असेल तरच ब्रेक सुटलेले राहतात. नळी कुठेही फुटली, कुणी साखळी ओढली, की प्रत्येक डबा आपल्या टाकीतल्या हवेनं स्वतःचा ब्रेक लावतो. गाडी सुटताना डब्याखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो ब्रेक सुटल्याचा. म्हणजे बघ, इतकी वजनदार गाडी. तिची मूळ स्थिती उभं राहण्याची, आणि धावण्यासाठी दाब सतत राखावा लागतो. तू लिहितोस, ‘एक दिवस काही केलं नाही की अपराधी वाटतं.’ अरे, जिला थांबता येत नाही अशा गाडीला आम्ही यार्डातून बाहेरच काढत नाही.

चढाचीही तीच गोष्ट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते जेमतेम एखाद्या छोट्या नाण्याएवढ्या जागेवर. म्हणून गाडी ओढायला हलकी, आणि म्हणूनच चढाला नाजूक, चाक घसरतं. डोंगर आला की रुळाला सरळ वर जाता येत नाही, वळसे घ्यावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये 1882 साली सुरू झालेल्या गॉटहार्ड मार्गावर वासेन नावाचं गाव आहे. टेकडीवर पांढरं चर्च. उत्तरेकडून येताना आधी ते मान उंच करून बघावं लागतं. गाडी बोगद्यात शिरते, डोंगराच्या पोटात गोल फिरते, बाहेर येते, तर चर्च समोर. पुन्हा बोगदा, पुन्हा वळसा, आणि आता तेच चर्च खाली, हातावर ठेवल्यासारखं. मी गेलो होतो तेव्हा समोरची बाई पहिल्या दोन वेळा पुस्तक वाचत होती. तिसऱ्यांदा तिनं वर बघितलं आणि म्हणाली, इथे चर्च पुष्कळ आहेत. मी काही बोललो नाही.

2016 पासून तिथे डोंगराखालून 57 किलोमीटरचा नवा बोगदा आहे. गाडी सपाटीवरून सुसाट जाते, वेळ वाचतो, चर्च दिसत नाही. ज्याला काम आहे त्यानं बोगद्यातूनच जावं, मी काही जुन्याचा हट्टी नाही. जुना रूळ अजून चालू आहे एवढंच सांगतो.

रात्रीच्या गाडीबद्दल, डब्यात भेटणाऱ्या आणि पुन्हा कधीच न भेटणाऱ्या माणसांबद्दल मला तुला बरंच लिहायचं होतं. ते तू स्वतः बघ. एकच सांगतो, ऐकून घे, सल्ले देऊ नकोस. (मी देतोय ते वेगळं.)

येतानाच्या प्रवासात एक काम कर. नव्या रुळांचे तुकडे जोडकाम करून एकसंध केलेले असतात, तिथे आवाज फारसा येत नाही. पण जुन्या मार्गावर किंवा एखाद्या फाट्यावर सांध्यांचा ठेका ऐकू येईल. 13 मीटरचे रूळ असतील तर एक युक्ती आहे. घड्याळ लावून 47 सेकंद सांधे मोजायचे. जितके सांधे, जवळजवळ तितकाच ताशी किलोमीटर वेग. एका सांध्यावर पुढची-मागची चाकं धरून दोन-तीन ठोके पडतात, ते सगळे मिळून एकच धर, नाहीतर तुझी गाडी दोनशेनं धावतेय असा हिशेब येईल. माझाही पहिल्यांदा आला होता, आणि मी तो साहेबांना जाऊन सांगितलाही होता.

किती आले ते कळव. आणि गाडी लूपला घेतली तर किती वेळ उभी होती, पलीकडून कोणती गेली, तेही.

तुझा,
सिग्नलवाला काका